देवाचे दात

पेटीतून कवळी निघाली तेव्हा माझ्या नवऱ्याने डोळे मिटून देवाचे आभार मानले.

वरच्या जबड्याची कवळी होती. गुलाबी हिरडी, एका बाजूची दाढ तुटलेली. कुणा मेलेल्या माणसाचीच असणार. जिवंत माणूस आपली कवळी कशाला दान करील? एका जुन्या स्टीलच्या डबीत, कापसावर ठेवून पाठवली होती. कापसाला पिवळे डाग होते. ते बघून मला कोरडी ओकारी आली. शांतवनने मात्र ती दोन्ही हातांत धरून प्रभुभोजनाचा प्याला उचलावा तशी वर उचलली आणि अंगणात जमलेल्या लोकांना सांगितलं, "हे आमच्या मंडळीनं देवाला दिलेलं दान आहे."

लोक म्हणजे सगळा पाडाच. घाटाखालच्या त्या डोंगरातल्या पाड्यावर बघण्यासारखं दुसरं काही घडत नसे. वर्षातून एकदा आमची पेटी यायची, तालुक्यापर्यंत एसटीने, तिथून बैलगाडीने आणि शेवटची चढण कुणाच्या तरी डोक्यावरून. ती उघडायची म्हटल्यावर म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून सगळे येऊन बसत आणि शांतवन एकेक वस्तू बाहेर काढून, तिच्यासाठी प्रार्थना करून बाजूला ठेवत असे.

"अहो," मी दबक्या आवाजात म्हटलं, "ते दात आहेत."

"मला माहीत आहे."

"कुणाचे तरी वापरलेले दात."

"दोर्कस, देणाऱ्याचं मन बघावं."

"मन दिसत नाही हो. दात दिसताहेत."

तो हसला. माझा नवरा असा हसला की मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटे. भिंतही कुडाची होती, तिच्यावर डोकं आपटून काही झालं नसतं.

त्या पेटीला आमच्या शहरच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 'त्यागाची पेटी' म्हणत. हे नाव मकासरेसाहेबांनी ठेवलेलं. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मंडळीच्या मिशन कमिटीचे अध्यक्ष. आम्ही निघालो त्या रविवारी त्यांनी भाषण केलं होतं. आमच्या डोक्यांवर हात ठेवून प्रार्थना झाली, हार झाले, फोटो झाला, बायकांनी डोळ्यांना पदर लावले. साहेब म्हणाले, "आपण सगळे डोंगरात जाऊ शकत नाही. पण आपण सगळे त्याग करू शकतो." मग असं ठरलं की ईस्टरआधीच्या उपवासकाळात चर्चच्या ओसरीवर एक लोखंडी पेटी ठेवायची आणि दर घराने आपली आवडती एखादी वस्तू प्रभूसाठी सोडून तिच्यात टाकायची. ईस्टर झाला की पेटी आमच्याकडे.

लोकांच्या आवडीनिवडी मला त्या पेटीतून कळल्या. एकाच पायाचा बूट. अर्धी संपलेली, तारीख उलटून गेलेली खोकल्याची बाटली. भोक पडलेली गरम पाण्याची पिशवी. नाताळच्या फराळातल्या करंज्या, ज्यांत ईस्टरपर्यंत अळ्यांची तिसरी पिढी नांदत होती. एक शालू होता. चांगला जांभळा शालू. उलगडला तर त्याचा जरीचा काठ आणि पदर कापून घेतलेला. जरीची तार सोनाराकडे गेली असेल, उरलेलं कापड प्रभूकडे आलं. भीक नको पण कुत्रं आवर असं म्हणायची सोय नव्हती, कारण ही भीक नव्हती, त्याग होता. आणि शांतवन रात्री कंदिलापाशी बसून त्या सगळ्याबद्दल आभाराचं पत्र लिहीत असे. आपली देणगी पोहोचली, ती प्रभूच्या कार्यात वापरली जात आहे.

"करंज्या कशा वापरल्या ते पण लिहा," मी म्हणाले.

"कोंबड्यांना घातल्याच ना?"

"कोंबड्यांनी बाजूला सारल्या."

मी त्या मंडळीकडे एकच गोष्ट मागितली होती, मच्छरदाणी. पहिल्या पावसाळ्यात मला हिवताप आला तो हाडं खिळखिळी करून गेला. आमच्या औषधाच्या खोक्यातल्या सगळ्या गोळ्या मीच खाल्ल्या. त्यानंतर आलेल्या पहिल्या पेटीत मच्छरदाणी नव्हती. या दुसऱ्या पेटीत होती, अगदी तळाशी, घडी करून. मी ती घाईघाईने झटकली. मधोमध एवढं मोठं भोक होतं की मांजर पिलांसकट आरपार गेलं असतं.

मी तिथेच अंगणात बसले आणि लोकांसमोर रडले. दुःखाने नाही, संतापाने. मी मुलींच्या शाळेत कायम नोकरीला होते. गणित शिकवत होते. नवऱ्याला देवाचं पाचारण झालं, मला नव्हतं झालं. मी लग्नाच्या गाठीने आले होते. वधस्तंभ नवऱ्याने उचलला आणि मागचं टोक माझ्या खांद्यावर आलं.

पेटीतलं काहीही फेकायचं नाही, हा शांतवनचा नियम. देवाला दिलेलं फेकायचं नसतं. म्हणून तो सगळं पाड्यात वाटून टाकी. त्या दिवशी कवळी कुणाला द्यायची असा प्रश्न पडला, तेव्हा ठमीबाय पुढे आली.

ठमीबाय पाड्यातली सगळ्यात तोंडाळ बाई. नवरा मेलेला, मुलगा गुजरातेत ऊसतोडीला. तिच्या शब्दाविना तिथलं पानही हलत नसे, आणि ते हललं की तिला त्याची बातमी हवी असे. आमच्या प्रार्थनेला ती पहिल्या दिवसापासून येई, गाणी मोठ्याने आणि चुकीच्या चालीत म्हणे, आणि शांतवनचं प्रवचन लांबलं की सरळ उठून म्हशीकडे जाई. तिच्या तोंडात स्वतःचे चारच दात होते.

"मास्तर, ते मला द्या."

"घालून बघणार का, ठमीबाय?"

"येडा का? देवाचे दात ते. आपल्या तोंडात कशाला घालतात?" तिने कवळी पळसाच्या पानात गुंडाळली आणि कनवटीला लावली. नंतर ती तिच्या घरात आढ्याला टांगलेली मी बघितली. खाली उदबत्तीची राख पडलेली होती.

मला तेव्हाच काय ते कळायला हवं होतं. पण मी त्या वेळी माझ्याच विचारात होते.

मी परत जायचं ठरवलं होतं. श्रावणात दुसऱ्यांदा हिवताप आला आणि बरी झाले त्याच दिवशी ठरवलं. मकासरेसाहेब शाळेच्या समितीवरही होते. कार्तिकात मिशन कमिटी आमचं कार्य बघायला येणार होती, आणि साहेबांनी निरोप पाठवला की पाटोळेबाईंची, म्हणजे माझी, जागा अजून भरलेली नाही; यायचं असेल तर आमच्याच गाडीतून यावं, नाहीतर नाताळनंतर दुसरी बाई घेऊ.

मी शांतवनला सांगितलं तेव्हा तो नागलीचं पोतं शिवत होता.

"मी जाणार आहे."

त्याने दाभण पोत्यात टोचून ठेवला. "कायमची?"

"ते मला माहीत नाही. पण त्या गाडीतून जाणार आहे."

"मी अडवणार नाही."

"अडवू नकाच. पण एकदा तरी म्हणा की ती कवळी बघून तुम्हालाही शिसारी आली होती."

त्याने दाभण पुन्हा उपसला. मग म्हणाला, "आली होती. म्हणून तर डोळे मिटले."

ठरलेलं बदलण्यासारखं त्या उत्तरात काही नव्हतं. मी माझी पत्र्याची ट्रंक आवरायला घेतली.

कमिटी येणार म्हणून शांतवनने त्याच दिवशी प्रथमफळांची, म्हणजे नव्या पिकातलं पहिलं देवाला देण्याची, उपासना ठेवली. नवं पीक आलं होतं. त्या वर्षी पाऊस चांगला झालेला, डोंगर खुरासणीच्या फुलांनी पिवळा झालेला. दोन आठवडे आधीच्या रविवारी त्याने लोकांना सांगितलं, "त्या दिवशी येताना देवासाठी काहीतरी आणा. ज्याची जी इच्छा."

ठमीबायने लगेच विचारलं, "कसं आणायचं? तुमच्या देवाची रीत आमाला ठावी नाय."

"आमची मंडळी देते तसंच," शांतवन म्हणाला. "मनापासून."

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि माना डोलावल्या. हे त्यांना समजलं होतं.

निघायच्या आठवड्यात मी निरोपाला म्हणून ठमीबायच्या घरी गेले, तर दारातच नाक धरावं लागलं. गोड, उबट, सडका वास. कोपऱ्यात ओल्या पेंढ्याचा ढीग होता आणि त्यातून भोपळ्याचा देठ वर आलेला. मी पेंढा जरा बाजूला केला तर भोपळ्याच्या पोटात माझं बोटच गेलं.

"ठमीबाय, हे काय ग? फेकून दे ना!"

"हात नको लाऊ!" ती चुलीपासून धावत आली. "देवाचं आहे ते." तिने माझा हात धरून मला बाहेर नेलं आणि पेंढ्यावर पुन्हा पाणी शिंपडलं. मला वाटलं त्यांच्या जुन्या देवाचं काहीतरी असेल. मी बोट पाच वेळा धुतलं तरी वास जाईना.

ठरल्या दिवशी सकाळी जीप आली. तिच्यातून मकासरेसाहेब उतरले, त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई उतरल्या आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेले खजिनदार घाटविसावे उतरले. रस्त्याने सगळ्यांची कंबर मोडलेली होती आणि ती आमच्यामुळे मोडली असा तिघांचाही चेहरा होता.

"कठीण आहे बाई इथे राहणं," सरोजिनीबाई माझ्या कुडाच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "आम्ही रोज तुमच्यासाठी प्रार्थना करतो हं."

"मच्छरदाणी पोहोचली," मी म्हटलं.

"हो का? आमचीच होती ती!" त्यांना खरोखर आनंद झाला. "आमची फार आवडती. पण यांना नवीन घ्यायची होती, मग मी म्हटलं, चला, प्रभूसाठी सोडू."

माझी ट्रंक ड्रायव्हरने जीपच्या टपावर दोरीने बांधली. शांतवनने गाठ पक्की आहे की नाही ते ओढून बघितलं.

आमची शाळा म्हणजे एक लांब झोपडी होती, तिथेच उपासना. पुढे मेज, त्यावर मी भरतकाम केलेली पांढरी चादर. पाहुणे मेजाजवळ खुर्च्यांवर बसले. शांतवनने प्रार्थना केली, गाणं झालं. मग तो म्हणाला, "आता आपली प्रथमफळं घेऊन पुढे या."

घाटविसाव्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

आधी वास आला. मग माणसं आली. न्हाऊनधुऊन, केसांना तेल लावून, सणाची लुगडी नेसून ओळीने आली. प्रत्येकाच्या हातात नवी टोपली, टोपलीला खुरासणीच्या फुलांची माळ, आणि टोपलीत घाण. उंदरांनी कुरतडलेली मक्याची कणसं. बुरशीने हिरवी झालेली नागली. दांडा मोडलेला विळा. एका माणसाने एका डोळ्याची, लंगडणारी कोंबडी कुंकू लावून आणली होती आणि तो तिला तळहातावर इतकी जपून धरून होता की तशी कुणी आपली मुलंही धरत नाही. फाटकी घोंगडी. फुटकं मडकं. सगळं माझ्या पांढऱ्या चादरीवर एकेक करून, नमस्कार करून ठेवलं गेलं.

सर्वांच्या शेवटी ठमीबाय आली. भोपळा तिला एकटीला उचलवत नव्हता, दोघींनी धरला होता. तो मेजावर ठेवताच खालून फुटला आणि काळपट पाणी चादरीवरून साहेबांच्या बुटांपर्यंत वाहत गेलं. भोपळ्याच्या शेंड्यावर पळसाचं पान होतं, पानावर फुलं होती, आणि फुलांत ती कवळी.

घाटविसाव्यांचा कॅमेरा खाली आला. सरोजिनीबाईंनी नाकाला पदर लावला.

"हा काय प्रकार आहे?" मकासरेसाहेब उभे राहिले. "पाटोळे, हा काय प्रकार आहे? देवाची थट्टा चालवलीय यांनी?" मग ते लोकांकडे वळले. त्यांचा आवाज मोठा होता, कालव्यांच्या कामावर कमावलेला. "तुम्हाला लाज नाही वाटत? डोंगरावर एवढं पीक डोलतंय आणि देवापुढे हा उकिरडा? लंगडं, आंधळं, कुजकं देवाला? तुमच्या कलेक्टरला द्याल का हे? त्याला दिलंत तर तो तुम्हाला उभं करील का दारात?"

लोक गोंधळले. कोंबडीवाल्याने कोंबडी हळूच पुन्हा उचलून घेतली. ठमीबायने आधी शांतवनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग ती साहेबांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"का ओरडतो तू? कमी पडलं का?"

"कमी?"

"आमच्या देवाला आमी पहिली काकडी देतो, ताजी. त्याला दावल्याबिगर पोराच्या तोंडात घालत नाय. चांगला कोंबडा देतो. पण तुमच्या देवाची रीत वेगळी. मास्तरनं पेटी उघडली, आमी सगळ्यांनी बघितलं. फाटकं, फुटकं, किडलं. दर वस्तू हातात धरून मास्तर बोलला, हे देवाला दिलं. आमी इचारलं, कसं आणायचं? तर बोलला, आमची मंडळी देते तसं." तिने भोपळ्याकडे बोट दाखवलं. "औंदा पीक चांगलं. सडका भोपळा कुठं गावतो? पंधरा दिस पेंढ्यात घालून रोज पाणी मारलं मी. हे सोपं काम हाय का?"

माश्या भोपळ्यावरून साहेबांच्या बुटांवर येऊन बसल्या.

तेवढ्यात सरोजिनीबाई वाकून कवळीकडे बघू लागल्या. बघता बघता त्यांचा पदर नाकावरून खाली आला. "अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुटलेली दाढ बघा. ही आपल्या दादांची आहे हो!"

दादा म्हणजे साहेबांचे वडील. साहेबांनी कवळीकडे बघितलं आणि त्यांच्या मानेपासून कानांपर्यंत रक्त चढत गेलं. मला वाटलं, आता हा माणूस मान खाली घालील. एवढीच आशा होती माझी. मच्छरदाणीनंतर मी त्या दोन वर्षांत मागितलेली ती दुसरी वस्तू.

साहेबांनी मान खाली घातली नाही. ते शांतवनकडे वळले. "तुम्ही यांना नीट शिकवलं नाहीत, पाटोळे. दोन वर्षांत एवढंही नाही! हे मला कमिटीपुढे मांडावं लागेल."

"त्यांनी जे बघितलं ते आणलं, साहेब," शांतवन म्हणाला. "चूक त्यांची नाही. चूक माझी. मला आभार मानायचे नव्हते, तरी मी मानले."

"म्हणजे? आमच्या देणग्यांत खोट काढता?"

"हो," माझा नवरा म्हणाला. आमच्या लग्नानंतर इतका लहान शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

पुढचं कसं झालं ते आठवलं की अजून अन्न गोड लागत नाही. ठमीबायला एवढंच कळलं की आपलं चुकलं, या देवालाही चांगलंच लागतं. ती तणतणत घरी गेली. "आधी नाय सांगायचं? पंधरा दिस घरात घाण ठेवली मी!" आणि आपली अंड्यावरची कोंबडी घेऊन आली. तांबडी, तुकतुकीत, पाड्यात तिच्या अंड्यांची तारीफ होती. तिने ती साहेबांच्या हातात दिली. साहेबांचा चेहरा एकदम खुलला. "आता कसं!" ते म्हणाले. घाटविसाव्यांनी फोटो काढला. साहेब, कोंबडी आणि ठमीबाय.

मग ड्रायव्हरने ती कोंबडी कापली.

"देवाला दिलेली ना ती?" मी सरोजिनीबाईंना विचारलं.

"देवाच्या सेवकांनी खाल्ली म्हणजे देवालाच पोहोचली," त्या म्हणाल्या. "मसाला आहे का ग तुझ्याकडे?"

रस्सा मीच केला. तिघे आणि ड्रायव्हर माझ्या घरात जेवायला बसले. बाहेर अंगणात पाडा बसून होता. ते वाट बघत होते. त्यांच्यात देवाची कोंबडी कापली की नखाएवढा का होईना, प्रत्येकाच्या हातावर तुकडा पडतो, दारच्या कुत्र्यालाही हाड पडतं. देवाचं एकट्याने खायचं नसतं. मी एक वाटी भरून बाहेर नेऊ लागले तर साहेबांनी ती माझ्या हातातून घेऊन आपल्या ताटात उपडी केली. "प्रवास लांबचा आहे, दोर्कसबाई."

शांतवन त्यांच्याबरोबर बसला नाही. तो शाळेच्या झोपडीत मेज पुसत होता.

जेवण झाल्यावर साहेब अंगणात बाजेवर टेकले. ओठ तुपकट झालेले. त्यांनी काडीने दात कोरत मला समोर बोलावलं आणि गंभीर झाले.

"तुम्ही दमलात, मी समजू शकतो. शाळेत रुजू व्हा. पण रविवारी मंडळीपुढे साक्ष द्या. इथला त्याग, इथले कष्ट, सगळं सांगा. लोकांना कळलं पाहिजे." त्यांनी काडीच्या टोकावर आलेला कोंबडीचा धागा बघितला आणि बाजूला झटकला. "ख्रिस्ताचा शिष्य होणं सोपं नसतं, बाई. किंमत मोजावी लागते."

तो धागा माझ्या पायाजवळ पडला. मी त्याच्याकडे बघत राहिले.

निघायची वेळ झाली. शांतवन जीपपर्यंत आला. मी एक पाय पायरीवर ठेवला आणि वाकले, तोच मागे गलका झाला. सरोजिनीबाई ठमीबायशी काहीतरी ओढाताण करत होत्या. ती कवळी होती, मेज पुसताना शांतवनने ठमीबायकडे सांभाळायला दिलेली.

"अहो, दादांची आठवण आहे ती," सरोजिनीबाई आम्हा सगळ्यांना ऐकवत म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. "चुकून गेली असेल पेटीत. मी घरी घेऊन जाते."

ठमीबायने कवळी पाठीमागे लपवली. तिची कोंबडी गेली होती, त्याबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती. पण आता तिचा आवाज चढला.

"देवाला दिलेलं परत नेतात का कुणी?"

बोलली ती सरोजिनीबाईंना. तिला माझ्या ट्रंकेचं, नोकरीचं, कशाचंच काही घेणंदेणं नव्हतं. पण माझा पाय पायरीवर होता. गाडीतून डिझेलचा वास येत होता आणि मागच्या सीटवर साहेब बसले होते, दात कोरत. त्यांच्या शेजारी मला बसायचं होतं. दिवसभर. तोंडाला रश्श्याचा वास असलेल्या त्या माणसांबरोबर, आणि रविवारी त्यांच्यापुढे उभं राहून त्यागाबद्दल बोलायचं.

माझ्या घशाशी आलं. मी पाय खाली घेतला.

"ड्रायव्हर, ट्रंक उतरवा."

"काय झालं?" साहेबांनी काच खाली केली. "दोर्कसबाई, विचार करा. जागा थांबणार नाही."

"मला गाडी लागते," मी म्हटलं.

मला आता चर्चमधून बोलावणी येतात. पाचारण, समर्पण, असले विषय देतात. मी तिथे कशी राहिले ते सांगा म्हणतात. अंगावर काटा आला का, आत्म्याने स्पर्श केला का, असं विचारतात. मी सांगते ते त्यांना आवडत नाही. मला फक्त किळस आली होती. इतकी किळस की तिच्यापुढे हिवताप परवडला.

जीप गेली. शांतवनने ट्रंकेची एक कडी धरली, मी दुसरी. घराशी ती ठेवून आम्ही शाळेत गेलो. भोपळा अजून मेजावरच होता. तो उचलायला दोघं लागलो. उकिरड्यापर्यंत जाताना पाणी आमच्या दोघांच्या कोपरांवरून ओघळत होतं आणि माझा नवरा, ज्याने कवळीचेही आभार मानले होते, वाटेत थांबून झुडपापाशी भडभडून ओकला.

मी त्याची पाठ चोळली. मग उरलेला भोपळा मी एकटीनेच उचलला.